कोरड्या झऱ्यावरचा चिखल

नेवाडात उतरल्यापासून माझ्या दिशा चुकल्या त्या चुकल्याच. डोंगर हाताशी असल्यासारखा दिसायचा आणि तासभर गाडी चालली तरी तेवढाच लांब राहायचा. पुतणी मुग्धा इथे पीएचडी करते. जुन्या नकाशांवरचे झरे शोधायचे, त्यांत अजून पाणी आहे का ते पाहायचं आणि नवा नकाशा करायचा, हे तिचं काम. मी पाहुणी आलेली काकू, म्हणजे सामानातच जमा.

एका रँचच्या (गुरांच्या मोठ्या कुरणाच्या) फाटकाशी म्हातारा मालक भेटला. "वरचा झरा जिवंत असेल तर गाई ठेवतो," तो म्हणाला. "नसेल तर विकून टाकतो. मला आता तिथवर चढवत नाही."

आम्ही सेजब्रशमधून (उग्र वासाच्या राखाडी झुडपांतून) चढू लागलो. आपण पाण्यासाठी खाली उतरतो. इथे झरा म्हणे डोंगराच्या निम्म्यावर. मुग्धा जीपीएसवर उंची टिपत मागे राहिली. मला वाळक्या झुडपांत दगडांचं कोंडाळं दिसलं. बाहेरून आलं की हातपाय धुवायचे, ही जन्माची सवय. बूट काढले, बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली, उरलेलं पायांवर ओतलं आणि तिथेच पुन्हा बूट चढवले.

तेवढ्यात मुग्धा पोचली. "काकू, हाच तो झरा! इट्स वेट! यार, वीकभर सगळे ड्राय निघाले. हा ॲक्टिव्ह आहे!"

मी रिकामी बाटली पुढे केली. "अगं, ते पाणी मी ओतलंय."

"ओके. पण आधी माती डार्क होती का?"

मला काही केल्या आठवेना. स्वतःचाच भयंकर राग आला. मग दशम्या खात आम्ही त्या ओल्या डागाकडे बघत बसलो. दोन तासांत तो कडेकडेने आत सरकत नाहीसा झाला. मुग्धाने हातभर खणलं. कोरडंच. तिने नकाशावर पोकळ गोल काढला, म्हणजे झरा आटलेला.

फाटकाशी म्हातारा वाट बघत होता. मुग्धाने सांगितलं, तरी तो माझ्या बुटांकडेच पाहत राहिला. कडांना चिखल वाळला होता.

"मग हा कुठला?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात एवढी आशा होती, की क्षणभर मला खोटं बोलावंसं वाटलं.

"माझ्या बाटलीतलं पाणी," मी मोडक्या इंग्रजीत म्हणाले.

त्याने मान हलवली आणि आमचे आभार मानले. कशाबद्दल, ते मला अजून कळलेलं नाही.

नाशिकला परतल्यावर मुग्धाचा फोन आला, म्हाताऱ्याने गाई विकल्या. बाहेरून आले की मी आजही पाय धुते, पण पाणी ओतण्याआधी खालची जमीन नीट बघून घेते.