कृष्णविवर आणि छाटणीची कात्री
द्राक्षाच्या छाटणीची जुनी कात्री आज तेल घालायला काढली आणि गंजाच्या वासासरशी तासगावचं घर आठवलं. आम्ही लहान होतो तेव्हा युरोपात जमिनीखालच्या बोगद्यात अणूतले कण एकमेकांवर आदळणार, त्यातून कृष्णविवर होणार आणि ते पृथ्वी गिळणार, असं टीव्हीवाला दिवसभर ओरडत होता. माझी धाकटी बहीण जेवेना. पळायला बरं म्हणून शाळेचे बूट घालूनच झोपायची. "भावजी, बंद करा की त्ये," आई म्हणाली, तरी चुलता बघतच बसला. तेवढ्यात वडील बागेतून आले. "पेपरात लिवलंय, तसलं विवर झालंच तर मोहरीएवढंबी न्हाई, झाल्या झाल्या विरून जातंय. ह्यो भाड्या तेवढंच सांगत न्हाई," असं म्हणत ते गच्चीवर चढले आणि ह्याच कात्रीनं केबलची वायर तोडली. बहीण त्या रात्री बूट काढून झोपली. लेकरांना भिववून पोट भरणाऱ्या त्या टीव्हीवाल्याला मी अजून माफ केलेलं नाही. आज कात्री पुसत होतो, तेवढ्यात बहिणीची लेक मोबाईल घेऊन रडत आली. तेच कृष्णविवर, तसंच ओरडणं. कात्री माझ्या हातातच होती, पण तोडायला वायर कुठंच नव्हती.