सिस्टरची गाडी

सगळे तिला सिस्टर म्हणत. शेजारीपाजारी म्हणत, कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणे, आणि चिडवायची लहर आली की नवराही म्हणे. काम नर्सचंच, पण हॉस्पिटलच्या वॉर्डातलं नव्हे. ज्यांच्यावरचे उपचार संपलेत आणि ज्यांना आपल्याच खाटेवर डोळे मिटायचेत, अशांच्या घरी ती जायची. जखम धुवायची, कूस बदलायची, वेदना अनावर झाली की इंजेक्शन द्यायची. इतकी मरणं पाहून माणूस दगड होतो असं लोकांना वाटतं. तिचं उलटं झालं होतं. वॉर्डात असताना तिला रोगी खाटेच्या नंबरावरून आठवायचे. घरी जायला लागल्यापासून कुणाच्या खिडकीत कोणतं झाड आहे, कोण चहा किती गोड पितो, हेसुद्धा लक्षात राहू लागलं.

या कामाला एकच अट होती. गाडी स्वतःची हवी.

तिची गाडी जुनी होती. आधी दोन मालकांनी दामटलेली, मग हिच्याकडे आलेली. पेट्रोलवरही चालायची आणि बॅटरीवरही. सिग्नलला इंजिन आपोआप गप्प व्हायचं, ब्रेक दाबला की बॅटरी थोडी भरायची. बरीच वर्षं गाडीने कुरकुर केली नाही. मग एका कडक उन्हाळ्यात मागच्या सीटशेजारचा पंखा विमान उडाल्यासारखा घोंघावायला लागला. पडद्यावरचं बॅटरीचं चित्र आत्ता भरलेलं दिसे, पुढच्या चौकात रिकामं. आणि एका सकाळी समोर लाल त्रिकोण पेटला.

पुलाखाली एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्याने मागची सीट उचकटून काढली, पंख्याची जाळी उघडली आणि तिच्याकडे वळून बघितलं.

"ताई, गादी भरताय की काय इथे?"

जाळीत कापसाचा करडा बोळा बसला होता. तिच्याच पिशव्यांतला कापूस, बँडेजचे धागे, गाडीतली धूळ. बॅटरीला हवाच मिळत नव्हती, ती आतल्या आत उकडत होती. मिस्त्रीने आधी एक जाड खिट्टी ओढून वीज तोडली, जरा वेळ थांबला, कोपरापर्यंतचे हातमोजे चढवले आणि मगच नारिंगी वायरींना हात लावला. आत सेल ओळीने उभे होते, शाळेच्या रांगेतल्या मुलांसारखे. एकाचं पोट फुगलं होतं. तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवी बुरशी आल्यासारखं दिसत होतं.

"हा गेलेला बदलतो. जुन्या गाडीतून काढलेला एक आहे माझ्याकडे," मिस्त्री म्हणाला. "पण बाकीचे सगळे याच्याच वयाचे. आज हा गेला, उद्या शेजारचा बसेल. पूर्ण नवी बॅटरी घालायची म्हटलं तर ती गाडीपेक्षा महाग पडेल."

"हाच घाला. दिवा जाईल ना?"

"दिवा जाईल हो. दुखणं जाणार नाही. चढावर आणि भर उन्हात हिच्या भरवशावर जाऊ नका."

"किती चालेल?"

"चालेल तेवढी चालेल. मी काय ज्योतिषी आहे?"

घरी नवरा शिलाई मशीनवर बसला होता. तो शिंपी, बोलणं कमी आणि जे बोलेल ते टाचणीसारखं. त्याने सगळं ऐकून घेतलं, दोरा दातांनी तोडला.

"ऑफिसात सांगून टाक."

"सांगितलं तर मला स्टोअरमध्ये बसवतील, अहो. वॉर्डात उभं राहणं माझ्या गुडघ्यांना झेपत नाही, त्यांना माहीत आहे. आयुष्यभर पट्ट्या मोजत बसू?"

"गाडी बंद पडल्यावर काय करशील?"

"पडेल तेव्हा बघू."

तो पुन्हा मशीन चालवायला लागला. विषय तिथेच मिटला. म्हणजे मिटवला.

त्या दिवसांत तिच्याकडे एक क्रेनवाले काका होते. जन्मभर बंदरावर उंच क्रेनच्या टपरीत बसून माल उचललेला माणूस. आता हाडांत कॅन्सर पसरला होता आणि पाठीखालची उशी सरकली तरी कळ मस्तकात जायची. शहराच्या वरच्या अंगाला, एका उभ्या चढाच्या टोकाला त्यांचं घर. तिथे ते आणि त्यांची लेक. लेकीने नोकरी सोडून बापाची सेवा पत्करली होती. ती फार बोलायची नाही, पण खोलीत औषधाचा वास येऊ नये म्हणून दिवसातून दोनदा फरशी पुसायची.

काकांना यंत्रांचं वेड. गाडीचं दुखणं सिस्टरने त्यांना एकदा सहज सांगितलं, आणि त्यांनी तिचं नावच बॅटरीबाई ठेवलं.

"काय बॅटरीबाई, आज किती चार्ज?"

"तुमच्याइतका, काका."

"म्हणजे संपलाच म्हणा की!" आणि ते हसायचे, हसताना कळ यायची, कळ आली की डोळे घट्ट मिटायचे आणि ती औषध भरायला घ्यायची. सुई टोचल्यावर थोड्या वेळाने त्यांचा जबडा सैल पडे. त्या क्षणासाठी ती एवढा चढ चढून येत असे. एकदा ते कुजबुजत म्हणाले, "मरायचं भ्या नाही. उंचावर बसून बसून ते गेलं. पण मी ओरडलेलं पोरीने ऐकू नये. तेवढं बघ."

"बघते," ती म्हणाली.

बदललेला सेल बसवून फार दिवस झाले नव्हते. लाल त्रिकोण पुन्हा दिसू लागला. सकाळी पेटायचा, गाडी सावलीत उभी केली की दुपारी विझायचा. ती मिस्त्रीकडे गेली नाही. तो काय म्हणणार हे तिला ठाऊक होतं. ऑफिसात ती बोलली नाही, आणि नवऱ्याने विचारलं तेव्हा "चाललीय की मजेत" असं सांगून मोकळी झाली.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी डांबर पायाला चिकटत होतं. जेवणं उरकायच्या सुमाराला लेकीचा फोन आला. मागून काकांचा आवाज येत होता. तो हसरा आवाज नव्हता. कुणीतरी लोखंड घासतंय असा होता.

"सिस्टर, लवकर या. सकाळचं इंजेक्शन उतरलंय. काहीतरी वेगळंच होतंय."

"आलेच."

तिने गाडी काढली. सपाट रस्त्यावर सगळं सुरळीत होतं. चढ लागला आणि पंखा घोंघावू लागला. पडद्यावरचं चित्र वरच्या घरातून खाली घसरलं, आणखी खाली, शेवटच्या जांभळ्या रेघेवर आलं. तिने पाय पूर्ण दाबला. गाडी बैलासारखी एकेक पाऊल टाकत पुढे सरकली, आणि चढाच्या मध्यावर उभी राहिली. सगळे दिवे एकदम पेटले. टाकीत पेट्रोल काठोकाठ होतं, पण या गाडीचं इंजिन सुरू करायलाही तीच बॅटरी लागते. तिने बंद करून पुन्हा चालू केली. पडदा उजळला, इंजिन हललं नाही. पुन्हा. पुन्हा. मागे हॉर्नचा गोंगाट झाला, कुणीतरी खिडकीतून डोकं काढून शिवी हासडली.

तिने ऑफिसला फोन लावला. दुसरी नर्स नदीपलीकडे होती, तिला यायला फार वेळ लागणार होता. टॅक्सीला हात केले; भरलेल्या दोन निघून गेल्या, तिसरी थांबलीच नाही. मग तिने बॅग खांद्याला लावली आणि चढायला सुरुवात केली.

गुडघे पहिल्या वळणालाच बोलू लागले. फोन वाजला.

"कुठे आहात?"

"आलेच. जवळच आहे."

जवळ नव्हती. थोडं चढून ती एका भिंतीला टेकली. फोन पुन्हा वाजला. या वेळी लेक काही बोलली नाही, तिने फोन बापाच्या दिशेने धरला होता. मुद्दाम धरला की हातातून ढळला, ते सिस्टरला कधीच कळलं नाही. भर रस्त्यात, उन्हात, तिने ते ऐकलं. एवढ्या वर्षांत तिने असा आवाज ऐकला नव्हता, कारण असा आवाज निघायच्या आत पोचणं हेच तर तिचं काम होतं.

"आलेच," ती पुन्हा म्हणाली, आणि धावण्याचा प्रयत्न केला.

इमारतीच्या दारात पोचली तेव्हा वरून काहीच ऐकू येत नव्हतं. शेजारणी जिन्यात उभ्या होत्या. तिला पाहून बाजूला झाल्या, एकीने नजर वळवली. काका पलंगावर वाकडे पडले होते. तोंडात टॉवेलचं टोक होतं, दातांनी फाटलेलं. शेवटी शेवटी त्यांनी स्वतःच ते कोंबून घेतलं होतं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. लेक जमिनीवर बसली होती. तिच्या मनगटावर बापाच्या बोटांचे निळे वळ उठले होते.

सिस्टरने नाडी पाहिली, तो टॉवेल हळूच सोडवला, जबडा बांधला, अंग पुसून काढलं. हात सवयीने चालत राहिले. लेक म्हणाली, "तुम्ही तीनदा आलेच म्हणालात." एवढंच.

पुढे कुणी काही विचारलं नाही. डॉक्टरांनी येऊन पाहिलं. हा माणूस आज ना उद्या जाणारच होता. ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी उलट पाठीवर हात ठेवला. "उन्हात चालत गेलीस म्हणे. तब्येत सांभाळ." गाडी ओढून नेली गेली. मिस्त्रीने बॅटरी उघडली तर आणखी तीन सेल बसले होते. तो "मी सांगितलं होतं" असं म्हणाला नाही, आणि ते न म्हणणंच तिला झोंबलं. गाडी भंगारात गेली.

नवरा म्हणाला, "कुणाच्या लक्षात नाही ना आलं? मग गप्प राहा. स्वतःला किती खाशील?"

ती काही दिवस गप्प राहिली. मग एका सकाळी बस धरून त्या चढाच्या टोकाशी उतरली आणि लेकीचं दार वाजवलं. खोलीतला पलंग हलवला होता, फरशी कोरडी होती.

उभ्या उभ्याच तिने सांगितलं. गाडी अचानक बंद पडली नव्हती. दिवा कितीतरी दिवस पेटत होता. मिस्त्रीने चढावर जाऊ नका म्हटलं होतं. ऑफिसात सांगितलं असतं तर तुमच्याकडे दुसरी नर्स लावली असती. माझं काम जाऊ नये म्हणून मी लपवलं.

लेकीने सगळं ऐकून घेतलं.

"हे सांगून तुम्हाला हलकं वाटलं?"

सिस्टर कोरड्या फरशीकडे बघत राहिली.

"मला नाही वाटलं," लेक म्हणाली. "इतके दिवस मी नशिबाला बोल लावत होते. ते बरं होतं." ती दाराशी आली. "आणि एक सांगा. ते औषध तुमच्याच पिशवीत का? मी त्यांची लेक. त्यांचं हगणंमुतणं मी काढलं. सुई मला टोचता आली नसती?"

"तसा नियम नाही."

"मग नियम बघा," लेक म्हणाली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर त्या दोघी कधी भेटल्या नाहीत.

त्याच दिवशी सिस्टर मोठ्या बाईंच्या खोलीत गेली आणि हेच सगळं तिथे पुन्हा बोलली, लेकीच्या शेवटच्या प्रश्नासकट. मोठ्या बाई बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसल्या. पाठीवर हात ठेवला नाही. घरी जायचं काम त्याच आठवड्यात काढून घेतलं आणि तिला स्टोअरमध्ये बसवलं, जिथे खिडकी नाही आणि दिवसभर पट्ट्यांचे गठ्ठे बांधायचे असतात. ज्याची तिला धास्ती होती तेच झालं, आणि झाल्यावर त्याचं फारसं काही वाटलं नाही. वाटायचं ते आधीच होऊन गेलं होतं.

नियम हलायला मात्र हिवाळा उजाडला. काही औषध कुलपाच्या डबीत घरीच ठेवायचं आणि घरातल्या एकाला टोचायला शिकवायचं, असं ठरलं. शिकवायला कुणी तयार होईना, म्हणून मोठ्या बाईंनी स्टोअरमध्ये निरोप धाडला. ते क्षमा केल्यासारखं नव्हतं. कामाला माणूस हवा होता.

तेव्हापासून दर आठवड्याला तिच्यासमोर सहा-सात माणसं बसतात. कुणाची बायको आजारी, कुणाचा भाऊ, कुणाची आई. स्पंजच्या तुकड्यावर ते सुई टोचायला शिकतात. परवा एका म्हाताऱ्या सासूबाईंचा हात इतका थरथरत होता की औषधाऐवजी भरलेलं पाणी त्यांच्या पदरावर उडालं. त्यांच्या सुनेसाठी त्या शिकायला आल्या होत्या.

"सिस्टर, मला नाही जमायचं हो," त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "ऐनवेळी काही अडलं तर तुम्ही याल ना?"

"नाही, आजी," ती म्हणाली. "ऐनवेळी कुणी पोचेल असं धरून चालू नका. घ्या, पुन्हा भरा."