जव्हारला दोन किलो उतरवायला गेलो

जाहिरात मीच कापून ठेवली होती, हे आधीच कबूल करून टाकते. ‘जव्हारच्या मोकळ्या हवेत तीन दिवसांचा बॉडी रॅप. दोन किलो वजन कमी, खात्रीशीर.’ रविवारच्या पुरवणीत एका कोपऱ्यात होती. मी नाशिकला सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. बाष्पीभवनाचा धडा दरवर्षी माझ्याच वाट्याला येतो. तरी कापली.

कारण माझी धाकटी बहीण शीतल. ती सहा वर्षं एअर होस्टेस आहे आणि त्यांच्या कंपनीत उंचीप्रमाणे वजन ठरलेलं असतं. तिला मर्यादा छप्पन्न किलोची. दोन ताकिदी मिळून झाल्या होत्या. तिसरी तपासणी सोमवारी सकाळी दहा वाजता, मुंबईत. त्यात काटा छप्पन्नच्या वर गेला की उडणं बंद. महिनाभर काकडी आणि ताकावर राहून ती माझ्याकडे आली, तेव्हा भरली अठ्ठावन्न किलो शंभर ग्रॅम. मी ते कात्रण तिच्यापुढे ठेवलं आणि तिनं फोन लावला.

शुक्रवारी सकाळी दहाला निघालो. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगते: नाशिक, त्र्यंबक, आंबोली, तोरंगणचा घाट, मोखाडा, जव्हार. अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास, पण माझ्या मारुतीला तीन तास लागले. पेट्रोल त्र्यंबकलाच भरा. घाटात रस्ता कुठे आहे आणि कुठे नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. एप्रिल महिना, सागाची पानं वाळून रस्त्यावर पसरलेली, आणि वळणावळणाला डोक्यावर दोन-दोन हंडे घेतलेल्या बायका. मोखाड्यानंतर मोबाइलची रेंज गेली. शीतल सारखा फोन वर धरून बघत होती.

मोखाड्यात एसटी स्टँडजवळच्या खानावळीत जेवलो. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी, पंचवीस रुपयांत पोटभर. ती चटणी खाण्यासाठी मी पुन्हा तोरंगणचा घाट चढेन. शीतलनं पाव भाकरी खाल्ली आणि ताट सरकवलं.

“बाय आजारी हाय का?” खानावळवालीनं मला विचारलं.

“नाही, वजन उतरवायला निघालीय.”

तिनं शीतलकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “कुठलं?” असं म्हणून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. मला हसू आलं, शीतलला आलं नाही.

जाहिरातीतलं ते आरोग्यकेंद्र जव्हारच्या अलीकडे, पठाराच्या कडेला होतं. चार कौलारू खोल्या, बाग, आणि मालक. त्यांना सगळे डॉक्टर म्हणत, का ते शेवटपर्यंत कळलं नाही. रॅप करणारी बाई शेजारच्या पाड्यावरची, जानकीबाई. सकाळी पाड्यावरच्या अंगणवाडीत मदतनीस, दुपारनंतर इथे. चाळिशीची, काटक, कमी बोलणारी.

रॅप म्हणजे काय तर काढ्यात भिजवलेल्या गरम चादरीत माणसाला मानेपर्यंत गुंडाळायचं, वरून प्लास्टिक, त्यावर दोन घोंगड्या, आणि तासभर तसंच पडून राहायचं. आधी वजन, नंतर वजन. पुढचे चार तास पाणी प्यायचं नाही. “नाहीतर विष परत शोषलं जातं,” मालक म्हणाले. शुक्रवारी संध्याकाळी शीतल त्यातून लालबुंद होऊन बाहेर आली आणि काट्यावर उभी राहिली. आठशे ग्रॅम कमी! तिनं मला मिठी मारली. मीही नाचायचीच बाकी होते.

शनिवारी सकाळी त्यातले चारशे परत आले होते. मालक म्हणाले, शरीराला सवय लागावी लागते.  शीतल झोपते म्हणाली, म्हणून मी एकटीच पाड्याकडे फिरायला गेले.

अंगणवाडीत वजनाचा दिवस होता. आढ्याला गोल घड्याळाचा काटा टांगलेला, त्याला झोळी, झोळीत एक किरकिरं मूल. जानकीबाई काट्यावर नजर ठेवून उभी. तिनं आकडा सांगितला तसा त्या मुलाच्या आईनं पदर तोंडाला लावला. मागच्या महिन्यापेक्षा दोनशे ग्रॅम जास्त होतं, त्याचा आनंद. मी दारातच चपला घालून उभी राहिले. आत जायची लाज वाटली.

पुढच्या मुलीचं वजन घटलेलं निघालं. जानकीबाईनं तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, जीभ बघितली आणि आईला म्हणाली, “जुलाब झालं ना? ह्ये पानी गेलंय. पाज, मंग येल वजन.”

मी परत जाताना ती बरोबर आली. तिच्या डोक्यावर कालच्या चादरींचं बोचकं होतं. मी सहज विचारलं, “जानकीबाई, रॅपनं खरंच चरबी जाते का हो?”

तिनं बोचकं डोक्यावर सावरलं. “मी काय सांगू बाय. मना चादरी धुवायच्या असत्यात. बाईवर घालताना हलकी असती, काढताना जड. पर चरबी आली असती तं चादर तेलकट नको व्हायला? आपली तव्याची फडकी कशी होत्यात. ही नुसती खारट वास मारती.”

बाष्पीभवनाचा धडा बारा वर्षं शिकवणारी मी तिथेच रस्त्यात उभी राहिले. मला स्वतःचाच इतका राग आला की काय सांगू. चादर तेलकट नव्हती, एवढं साधं होतं. पाणी गेलं होतं, ते पाणी प्यायलं की परत येणार होतं, आणि म्हणूनच ते चार तास कोरडं ठेवत होते.

दुपारी दुसरा रॅप झाला. संध्याकाळी सनसेट पॉइंटवर (जव्हारहून चालत जाता येतं, गर्दी नाही, शेंगदाणे बरोबर न्या) मी शीतलला सगळं सांगितलं. ती दरीकडे बघत होती.

“मला सकाळीच कळलं, ताई.”

“मग?”

“मला चरबी जायला नकोच आहे. मला सोमवारी दहा वाजता काटा छप्पन्नच्या आत हवाय. अकरा वाजता मी बादलीभर पाणी पिईन.”

“आणि पुढच्या तपासणीला?”

“पुढची सहा महिन्यांनी.” तिचे ओठ फुटले होते. “तुला माहीत नाही, पहाटे ढगांच्या वर गेल्यावर कसं वाटतं ते. तू फक्त सोमवारपर्यंत मध्ये पडू नकोस.”

आणि मी पडले नाही. मीच कात्रण दिलं होतं, मीच गाडी चालवली होती, आणि तिचा चेहरा दिसत असूनही मी गप्प राहिले.

रविवारी तिनं चहासुद्धा घेतला नाही. अकरा वाजता तिसरा रॅप. बाहेर ऊन रणरणत होतं. तास संपला तेव्हा जानकीबाई प्लास्टिक सोडायला गेली, तर शीतल म्हणाली, “अजून अर्धा तास.” जानकीबाईनं माझ्याकडे बघितलं, मी मालकांकडे, मालक म्हणाले, “पेशंटची इच्छा आहे.”

अर्ध्या तासानं ती उठली, भिंतीला धरत काट्यापर्यंत गेली. पंचावन्न किलो सातशे.

“छप्पन्नच्या आत! तीनशे ग्रॅम शिल्लक,” शीतल म्हणाली, आणि काट्यावरून खाली उतरता उतरता कोसळली.

अंग तापलेलं, आणि घाम थांबलेला. पोटऱ्यांत गोळे आले होते. नाडी इतकी जलद की मला मोजता येईना. ती माझ्याकडे बघत होती, पण मला “मॅडम” म्हणत होती. मालक म्हणाले, “घाबरू नका, चांगलं लक्षण आहे, विष बाहेर पडतंय.” मी आयुष्यात कुणाला इतक्या शिव्या दिल्या नव्हत्या. दवाखान्यात न्यायला गाडीची किल्ली शोधायला लागले तर ती माझ्या हातातच होती.

जानकीबाईनं तोवर तिला ओल्या फडक्यानं पुसायला घेतलं होतं, खिडक्या उघडल्या होत्या. तिच्या पिशवीत अंगणवाडीची ओआरएसची पाकिटं होती. एक तांब्याभर पाण्यात कालवलं आणि म्हणाली, “बाय, जरा पोटात जाऊ द्या, मंग गाडी. वाटंत हिला कायबाय झालं तं तुमी गाडी चालवशा का हिला बघशा?”

पण शीतल तोंड उघडेना. दात घट्ट आवळलेले. जरा भानावर आली होती, आणि भानावर आल्यावर तिला फक्त काटा आठवला. “उद्या दहा वाजेपर्यंत नाही,” ती आवळल्या दातांतून म्हणाली. मी ओरडले, रडले, थोबाडीत मारायला हात उचलला. जानकीबाईनं मला बाजूला केलं.

“एकच चमचा,” ती शीतलला म्हणाली. अंगणवाडीचा औषधाचा चमचा होता, पाच मिलिलिटरचा. “चमच्यानं काय काटा हलत नाय. मी रोज वजनं करते, मना माहीत हाय.”

शीतलनं तिच्याकडे बघितलं. मग तोंड उघडलं.

एक. मग थांबून दुसरा. मग तिसरा. जानकीबाईला अजिबात घाई नव्हती. मी शीतलचे तळवे चोळत होते आणि चमचा भांड्याला लागल्याचा आवाज ऐकत होते. अर्धाअधिक तांब्या तसाच होता. मध्येच शीतलनं जानकीबाईचा हात धरून थांबवला. मला वाटलं, संपलं, आता ही नाही घेणार. पण तिनं चमचा स्वतःच्या हातात घेतला, बुडवला आणि प्यायली. मग पुढचे स्वतःच घेत राहिली.

जव्हारच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, आणि “घोट घोट पाजत राहा” म्हणून सोडलं. विक्रमगड, मनोर करत आम्ही मुंबई गाठली. (मनोरपर्यंतचा रस्ता घाटापेक्षा बरा.) तांब्या जानकीबाईला परत दिला होता, चमचा मात्र शीतलच्या मुठीत राहून गेला.

सोमवारी दहा वाजता काट्यावर छप्पन्न किलो पाचशे आलं. शीतलचं उडणं बंद झालं. पुढे तीन आठवडे तिनं माझे फोन उचलले नाहीत. मी समजून होते. जाहिरात माझी, आणि शेवटी तिला पाणी पी म्हणून ओरडणारीही मीच. दोन्हीकडून मीच तिच्या वाटेत आले होते.

आता ती विमानतळावर खाली काउंटरवर बसते. पावसाळा संपता संपता नाशिकला आली. माझ्या ओट्यावरच्या चमच्यांत तिला तो चमचा दिसला, तिनंच मुंबईत मला तो जानकीबाईला परत करायला म्हणून दिला होता आणि माझं जाणं झालं नव्हतं. ती चहा ढवळायचं सोडून तो हातात फिरवत राहिली.

“तीनशे ग्रॅम शिल्लक होते, आठवतं?” ती म्हणाली. “चमचा पाच ग्रॅम पाण्याचा. म्हणजे साठ चमचे.”

“तू मोजत होतीस?”

“दुसरं काय करणार होते पडल्या पडल्या? साठ चमच्यांपर्यंत नोकरी होती, ताई. साठ जानकीबाईनं पाजले.” तिनं चमचा धुतला आणि माझ्या हातात दिला. “एकसष्टावा मी माझ्या हातानं घेतला. तू उगाच स्वतःला खात बसू नकोस.”

येत्या शनिवारी आम्ही दोघी पुन्हा तोरंगणच्या घाटानं जाणार आहोत, चमचा पोचवायला. जेवायला मोखाड्यात थांबू.