पहिले दाखवा, मंग टाका

मार्चमधला दुसरा सोमवार. जागा: ग्रामपंचायत कार्यालय. हजर: सरपंचबाई, उपसरपंच, तीन सदस्य, ठेकेदाराचा माणूस, शिपाई आणि सचिव म्हणून मी. शिवाय न बोलावता आलेले एक गृहस्थ. त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही.

हजेरीत त्यांना कुठे बसवावं, हे मला कळेना. निमंत्रित म्हणता येत नव्हतं, आणि नुसतं ऐकायला आलेला माणूस इतका बोलत नाही. ठेकेदाराचा माणूस मुरूम कुठून आणणार ते सांगत होता. तेवढ्यात हे पुढे आले, सदऱ्याच्या खिशातून मूठभर पिवळट माती काढली आणि माझ्या टेबलावर, थेट कागदांवर ठेवली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तुमीच सांगा, मॅडम. मागच्या खेपेले याले मुरूम म्हणत होते."

सदस्य हसले. ते हसले नाहीत. माती परत खिशात भरली, टेबलावर उरलेली बोटाने गोळा करून तीही घेतली आणि दाराजवळ जाऊन उभे राहिले. गावात सगळे त्यांना काकाजी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

आमचं गाव शहराच्या कडेचं बेसा मागे टाकून बरंच पुढे गेल्यावर लागतं. शहर आमच्याकडे सरकतंय असं सगळे म्हणतात, पण गावापासून वस्तीपर्यंतची पांदण, म्हणजे शेतांमधून जाणारा कच्चा रस्ता, तिला ही बातमी अजून कळलेली नाही. मध्ये नाला आहे, त्यावर रपटा, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणारा बुटका पूल. दोन्ही बाजूंना उतार. रपट्यापलीकडे वस्ती, आणि वस्तीच्याही पुढे, काळ्या मातीच्या पट्ट्यापलीकडे, एकटं काकाजींचं घर. पाऊस लागण्याआधी या पांदणीवर मुरूम टाकून रोलर फिरवायचा, एवढंच काम होतं. माझ्या यादीत ते एका ओळीत मावलं होतं.

काकाजींसाठी त्या ओळीचा अर्थ वेगळा होता. त्यांच्या बायकोला, काकूंना, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी शहरात धंतोलीच्या दवाखान्यात न्यावं लागे. ऑटो उन्हाळ्यात दारापर्यंत यायचा. पावसाळ्यात नाल्याअलीकडे थांबायचा आणि तिथून घरापर्यंत प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, पुढे काकाजी आणि मागे कोणीतरी शेजारी, अशी काकूंची वरात निघायची. हा शब्द काकूंचाच. "लग्नात बैलबंडीनं आली, आता खुर्चीवर जातो. बढती झाली ना वं माही," असं त्या मला म्हणाल्या होत्या.

तेव्हा रस्ता सर्वांत जास्त कोणाला हवा होता, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आणि तो अडवून कोण बसलं, हेही आता सांगते.

पहिला टिप्पर आला त्या सकाळी काकाजी रपट्याच्या कठड्यावर बसले होते. पायाशी पाण्याची बादली. टिप्पर दिसताच उठले आणि मधोमध उभे राहिले.

"पहिले दाखवा, मंग टाका."

"काकाजी, मुरूम हाय, काय दाखवू?" चालक वरून म्हणाला.

"पोरगी पाहाले जातं तं घरचे म्हणतात का, पोरगीच हाय, काय दाखवू?"

चालकाने हसत मागचा फळका थोडा उघडला. काकाजींनी वरचा मुरूम घेतलाच नाही. कोपरापर्यंत हात आत घालून मधला काढला, पाणी शिंपडलं, मळला आणि लाडूएवढा गोळा वळला. गोळा घरी नेऊन अंगणाच्या भिंतीवर उन्हात ठेवायचा. वाळला की पाण्यात सोडायचा. लगेच विरघळला तर त्यात माती जास्त, पावसात चिखल होणार. गोळा वळलाच नाही तर माती कमी, चाकांखाली सगळे खडे बाजूला उडणार. दोन्हींच्या मधलं जे असेल ते रस्त्यावर घालायचं. म्हणजे टिप्पर आज आला, की निकाल उद्या. तोवर टिप्पर बाजूला उभा.

भिंतीवर गोळ्यांची रांग लागली. खाली खडूने खदानीचं, म्हणजे मुरूम आला त्या खाणीचं, नाव. काकू खाटेवरून म्हणायच्या, "दिवाळीले बेसनाचा एक नाही वळला यायनं. आता पाहा."

काकाजींची परीक्षा नेहमी बरोबर निघे, असं समजू नका. एका सकाळी भिंतीवरचा एक गोळा फुटलेला दिसला. त्यांनी ताबडतोब तो टिप्पर नापास केला. मुरूम चांगला तांबडा होता, मलाही आवडला होता. टिप्पर गेल्यावर काकूंनी सांगितलं, की गोळा कोंबडीनं टोचून पाडला. मी काकाजींकडे पाहिलं.

"कोंबडी कोणाची होती, थे पाहा पहिले," ते म्हणाले.

अहवाल दाखवला तरी तेच. प्रयोगशाळेतून नमुना पास होऊन आला होता. मी तो कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "पोतं कोणं भरलं होतं?"

"ठेकेदाराच्या माणसानं."

"मंग पोतं पास झालं. टिप्पर नाही."

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. खरं सांगायचं तर मला राग आला होता. शिकलेल्या माणसाला प्रश्न विचारून गप्प करण्यात काही लोकांना मजा वाटते, आणि हे त्यांतले आहेत असं मला तेव्हा वाटलं. पुढच्या नमुन्याचं पोतं मात्र मी स्वतः उभी राहून भरून घेतलं.

माझा स्वभावही काही कमी संशयी नाही. सरकारी नोकरीत तो जपावाच लागतो. उपसरपंचांनी एकदा चहा पिता पिता हळूच सांगितलं, "मॅडम, काकाजीचा साळा टिप्परवाला हाय. माहीत हाय ना तुमाले?" मला माहीत नव्हतं. मग सगळं कसं जुळत गेलं. सगळ्यांचे टिप्पर परत पाठवायचे, शेवटी घाईच्या वेळी साळ्याचा पुढे करायचा. मी दुसऱ्याच दिवशी परतताना मोपेडची वाट वाकडी करून त्या साळ्याच्या गावी गेले.

साळा टिप्परखाली निजून काहीतरी ठोकत होता. काकाजींचं नाव काढताच बाहेर आला.

"जवाईबुवानं पाठवलं का तुमाले?"

"नाही. तुमचा मुरूम त्या रस्त्यावर टाकायचं काही ठरलंय का?"

"ठरलंय?" त्याने पाना खाली ठेवला. "सगळ्यात पहिले माहाच टिप्पर परत केला त्यानं. म्या म्हणलं, माही बहीण जाते त्या सडकेनं, मी खराब माल टाकीन का? तं म्हणते कसा, तू तिचा भाऊ हायस, म्हणून तुहा दोनदा पाहीन. मंग दोनदा पाहून परत केला. तवापासून मी बोलत नाही त्याच्यासंग."

"खराब होता का?"

"थोडा मातकट होता," साळा म्हणाला आणि पुन्हा टिप्परखाली गेला.

एप्रिल सरला, मे तापला. ठेकेदार कंटाळला. त्याचे टिप्पर दुसऱ्या कामावर जाऊ लागले, रोलर तर एका सकाळी दिसेनासाच झाला. वस्तीतले लोक माझ्याकडे येऊन काकाजींना आवरा म्हणू लागले. मी भर दुपारी त्यांच्या घरी गेले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली काकूंच्या औषधांची पिशवी. काकू आदल्या दिवशीच धंतोलीहून आल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"जयभीम, मॅडम. पाणी घ्या."

"पाणी नको. काकाजी, हा रस्ता सर्वांत जास्त तुम्हाला हवा आहे. तुम्हीच तो होऊ देत नाही. काहून?"

माझ्या तोंडून त्यांच्याकडचं काहून ऐकून ते किंचित हसले. मग म्हणाले, "तुमी इथं नव्हत्या तवा. तीन साल झाले असन. वस्तीवर पयल्यांदा मुरूम आला. गावात टाकून जे उरते, थे आमच्याइकडे येते, हे मले माहीत होतं. तरी बी खूश झालो. ठेकेदाराले मीच हार घातला. फोटो हाय. पाऊस पडला अन् थे सारं दह्यासारखं झालं. ऑटो घसरला. हिच्या हाताची डायलिसिसची मशीन लावाची नस, थेच दबली. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी दुसऱ्या हातात नवी केली त्यायनं. लई रडली."

"मी नाही रडली," काकू भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या. "तुमीच रडले. अन् आता जे येते थे टाकू द्या बाप्पा. मले खुर्चीची सवय झाली."

काकाजी उठले. दोरीवरचा वाळलेला दुपट्टा काढून घडी घालू लागले. घडी नीट येईना, तरी घालत राहिले.

मी त्या दिवशी त्यांच्याशी एक करार केला. खदानीवर मी आणि ते दोघं जाऊ, तिथेच पाहू, आणि पास झालं की मग रस्त्यावर कोणाला अडवायचं नाही. ते म्हणाले, "अन् तिथून इथपर्यंत टिप्पर बदलला तं?" मी म्हटलं, मी टिप्परच्या मागे मोपेड चालवत येईन. आणि चालवली. मे महिन्यात टिप्परच्या मागे मोपेड चालवणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. केसांत, कानांत, डब्यातल्या पोळीतसुद्धा मुरूम. माझ्या बहिणीने सीताबर्डीहून आणलेला नवा पांढरा कुर्ता त्या दिवशी कायमचा तांबडा झाला.

मुरूम चांगला होता. पण तोवर ठेकेदाराने निम्मी वाहनं हलवली होती, आणि ढग दिसू लागले होते. रपट्याच्या दोन्ही उतारांवर घालायचा की वस्तीपुढच्या काळ्या पट्ट्यावर, काकाजींच्या फाटकापर्यंत, एवढंच ठरवायचं उरलं. दोन्हीकडे पुरणार नव्हता. ठेकेदाराचा माणूस माझ्याकडे पाहू लागला, मी काकाजींकडे.

तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, मला माहीत नाही. मी मनात घराचा पट्टा निवडून ठेवला होता.

ते उतारावर उभे होते. पायाने माती उकरून पाहिली. "इथं टाका," ते म्हणाले.

"आणि घरापुढे?"

"नाल्यात अडकली तं घरापुढची सडक काय कामाची? घरापुढं मंग टाकजा."

"नक्की टाकू," ठेकेदाराचा माणूस म्हणाला. काकाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मोबाइल काढून कोणाचा तरी नंबर शोधू लागला.

उतारांवर मुरूम पडला. पाणी मारून, परत मागवलेला रोलर फिरला. काकाजींनी बाजूला पाण्यासाठी चर काढून घेतली, कारण त्यांच्या मते ठेकेदार चर "विसरतातच". पाऊस आला तेव्हा रपटा टिकला. दुधाची गाडी, शाळेची मुलं, संत्र्याचे मेटॅडोर, सगळे त्यावरून गेले. चांगल्या रस्त्याबद्दल कोणी बोलत नाही, तसं त्याच्याबद्दलही कोणी बोललं नाही.

घरापुढचा पट्टा मात्र काळा होता तो काळाच राहिला. ऑटो आता नाला ओलांडून वस्तीपर्यंत येई आणि तिथे थांबे. तिथून पुढे खुर्ची. ऑगस्टमध्ये एका सकाळी काकाजींचा पाय चिखलात रुतला, खुर्ची कलली. काकू पडल्या नाहीत, शेजाऱ्याने धरलं. पण त्यांची लेक बेसाला राहते, ती त्याच संध्याकाळी आली आणि आईला घेऊन गेली. पाऊस संपेपर्यंत, असं म्हणून. काकाजी आठ दिवस एकटे राहिले, मग तेही कुलूप लावून गेले.

पाऊस केव्हाच संपला. घराला कुलूप आहे.

काकाजींचा मला फोन येतो, बहुतेक दुपारी जेवणाच्या वेळी. लेकीच्या कॉलनीतला डांबरी रस्ता त्यांना पटलेला नाही. खाली काय घातलंय ते कोणी दाखवत नाही, असं त्यांचं म्हणणं. जावई म्हणतो, काकाजी सकाळी फिरायला जातात आणि जिथे जिथे नळासाठी रस्ता खोदलाय तिथे वाकून पाहतात. काकूंना दवाखाना जवळ पडतो, तब्येत बरी आहे. पण त्यांना तिथे खाटेवरून कोणी दिसत नाही. चौथा मजला.

मी वस्तीपुढचा पट्टा सभेत तीनदा मांडला. उपसरपंच म्हणतात, "एका घरासाठी, मॅडम? अन् थे बी बंद. ते राहाले आले की करू ना." हे मी फोनवर काकाजींना सांगितलं. ते म्हणाले, "सडक झाली की येतो, सांगा त्यायले." मी हे उपसरपंचांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि काळी माती दोघांच्या मध्ये पडली आहे.

मी खदानीवर बोलून ठेवलं आहे. टिप्परवाल्यांपैकी कोणी तयार होईना, म्हणून साळ्याला विचारलं. तो म्हणाला, "माल मी आणतो. पण पाहाले कोण येईन?" मी म्हटलं, मी येईन. तो म्हणाला, "तुमाले पाहाता येते?" मी हो म्हणाले. त्याला विश्वास बसला असं वाटलं नाही.

परवा फोन काकूंनी घेतला. "मॅडम, आमच्या दारापुढचं वाळलं का वं?"

"वाळलं, काकू. केव्हाच."

"मंग?"

मी म्हटलं, बघते. त्यांनी बरं म्हटलं आणि फोन काकाजींकडे दिला. काकाजींनी तो ठेवून दिला.

आजची कामं लिहायला बसले आहे. पाणीपट्टीचे दाखले दिले. अंगणवाडीचं छप्पर पाहून आले. शिपायाच्या रजेचा अर्ज पुढे पाठवला. वस्तीच्या शेवटच्या घरापासून काकाजींच्या फाटकापर्यंत मुरूम: बाकी.