कचेरीच्या ओट्यावरचा पांढरा ठिपका

धर्मराज पाटलांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. कौशल्याबाई पुरणपोळ्या लाटायला आलेल्या. चहाचा ट्रे घेऊन दिवाणखान्यात गेल्या आणि भिंतीवरच्या चित्रापाशी थबकल्या. गावातली निजामाच्या वेळची कचेरी जलरंगात काढलेली. पडकी कमान, लिंबाची सावली आणि ओट्याच्या पायरीवर एक पांढरा ठिपका.

पाटलांची सून दिपाली पाहुण्यांना समजावून सांगत होती, "हा उजेड बघा. केवढी शांतता आहे यात!"

"मला तर झोपलेलं कुत्रं वाटतंय," ठिपक्याकडं बोट करून एक पाहुणा म्हणाला. सगळे खो खो हसले.

कौशल्याबाईंनी तो ठिपका निरखून पाहिला. गेल्या हंगामात त्या नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेल्या, तेव्हा सासू बायनाबाई घर राखायला मागं राहिली. दशमीला नारायणगडाच्या वारीला पायी जाणारी बाई, पण कोयता धरायचं वय सरलेलं. अशी मागं राहिलेली म्हातारी माणसं दिवसभर कचेरीच्या ओट्यावर बसतात, टोळीची गाडी येते त्या रस्त्याकडं तोंड करून. बायनाबाईची हीच पायरी, अंगावर पांढरं लुगडं. गाडी परतायच्या आधीच ती गेली. वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं, आणि हार घालायला फोटो म्हणावा तर आधार कार्डावरचा एकुलता. त्यातही डोळे मिटलेले.

"कुत्रं न्हाई ते," कौशल्याबाई बोलून गेल्या. "आमच्या सासूबाई हायत."

"मावशी, चहा गार होतोय," दिपाली म्हणाली.

पण चित्र काढणारे अभिमन्यू सर तिथंच सोफ्यावर होते. कौशल्याबाई त्यांच्याकडं वळल्या. "सर, तुमीच सांगा. माणूसच हाय ना? मोबाइलात फोटो काढून न्हेते, हार घालायला."

"होती एक म्हातारी," सर म्हणाले. "पण तिच्यामुळं चित्रात कमानीचा तोल जात होता. म्हटलं, आजी, जरा बाजूला व्हा. उठून मागच्या अंगाला जाऊन बसली बिचारी. हा ठिपका म्हणजे नुसता कोरा कागद. जलरंगात पांढरा रंग लावत नसतात."

"मागं? मागं कावून धाडलं? तिथं दुपारभर ऊन ऱ्हातंय." त्या पुन्हा चित्राकडं वळल्या. "आन तिथून रस्ता बी दिसत न्हाई."

सर चहावर फुंकर मारत राहिले.

पांडुरंगा, म्हणत कौशल्याबाईंनी त्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं.

"काचेवर डाग पडला बघा," दिपाली म्हणाली. "पुसा तेवढं."

त्यांनी पदरानं पुसलं. बोटाला पुरण होतं, म्हणून पुन्हा एकदा पुसलं.