खानवलकरांच्या गाडीतली कळशी

गोपीनाथराव खानवलकरांना मनोरमाबाईंच्या आधी एक बायको होती, ती ग्वाल्हेरला वारली आणि तिच्या अस्थी त्यांनी इतकी वर्षं घरात दडवून ठेवल्या, ही बातमी इंद्रपुरीत कुणी आणली ते सांगायची गरज नाही. समोरच्या रजनीवहिनींच्या गॅलरीतून अख्खी गल्ली दिसते, एवढं पुरे.

पुरावा तसा भक्कम होता. गोपीनाथराव सकाळी आपली जुनी पांढरी गाडी बाहेर काढत. शेजारच्या सीटवर पितळी कळशी, आणि तिला सीटबेल्ट! गाडी चालायची ती वरातीतल्या घोड्यासारखी. स्पीडब्रेकर ओलांडला की थांबायचं, कळशीत डोकावायचं, पुटपुटायचं, की पुढे.

"अस्थीच!" रजनीवहिनी भाजीवाल्यासमोर म्हणाल्या. "नाहीतर कळशीला कोण बेल्ट लावतं? आमच्या ह्यांनी मला कधी लावला नाही."

आता गोपीनाथराव म्हणजे काही गूढ माणूस नव्हे. कारखान्यात फिटर म्हणून लागले, फोरमन होऊन निवृत्त झाले, आणि त्या दिवसापासून गल्लीतला एकही कुकर, पंखा किंवा शिवणयंत्र त्यांच्या तावडीतून सुटलं नाही. दुरुस्ती झाली की पुन्हा आठवड्याने दारात हजर. "कसा आहे?" असं विचारत. तो प्रश्न कुकरला असे; घरच्या माणसांची चौकशी मागाहून. आणि बढाया? "आपल्या हातून सुटला नाही असा नट अजून जन्मायचाय," हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस इंद्रपुरीत सापडणं कठीण.

अशा माणसाच्या घरात एक दुखणं होतं, ते मात्र त्यांच्या पान्याला दाद देत नव्हतं. मनोरमाबाईंच्या कमरेचा मणका सरकला होता. घरात त्या हिंडत-फिरत, पण गाडी खड्ड्यात गेली की ओठ दाबून डोळे मिटून घेत. भाड्याची मोठी गाडी करून पाहिली, तर ड्रायव्हरनं टी. टी. नगरपर्यंतच इतके दणके दिले की त्या घरी येऊन दोन दिवस पडून होत्या. रेल्वेच्या जिन्याचा तर विषयच नको. आणि आता उज्जैनहून निरोप आला होता, दत्तूदादाच्या सहस्रचंद्रदर्शनाचा. दत्तूदादा म्हणजे मनोरमाबाईंचे थोरले भाऊ. आई गेल्यावर त्यांनीच धाकट्या बहिणीची वेणी घालून तिला शाळेत सोडलं होतं.

"नाही जमायचं हो," मनोरमाबाई म्हणाल्या. "व्हिडिओवर ओवाळीन."

"व्हिडिओवर कुणी ओवाळतं का? मी नेतो तुला. गाडी मऊ करून नेतो."

"गाडी म्हणजे काय कणीक आहे, मळून मऊ करायला?"

गाडी सध्या कणकेपेक्षा खलबत्त्याला जवळची होती. प्रत्येक खड्ड्यात खालून खडाम् असा आवाज यायचा. हबीबगंजकडच्या मेकॅनिक नईममियांनी खाली वाकून बघितलं आणि सरळ उभे राहिले. "को खां," हाक मारून ते म्हणाले, "बुश तो सारे कट गए. और बोल्ट अंदर जाम हैं. अब ये गाड़ी कबाड़ी को दे दो."

बुश म्हणजे चाकाच्या दांड्याच्या सांध्यातली रबराची गादी, मधोमध लोखंडी नळी, नळीतून आरपार बोल्ट. माणसाच्या मणक्यांमधे गादी असते ना, तसलंच. आपल्या घरात दोन कमरा एकदम गेल्या आहेत हे गोपीनाथरावांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी नईमकडून नवे बुश-बोल्ट तेवढे मागवून घेतले. "बाकी मी बघतो," म्हणाले.

घरासमोरची पावसाळी नाली कोरडी पडली होती. तिच्यावरच्या फरश्या त्यांनी सरकवल्या, दोन्ही काठांवर चाकं येतील अशी गाडी उभी केली, आणि स्वतः मुंडाशासारखा टॉवेल बांधून नालीत उतरले. चाक काढायचं असलं की तेवढी बाजू जॅकवर उचलायची आणि खाली लाकडी ठोकळे रचायचे.

नट सुटले, बोल्ट मात्र हलेनात. गंजानं ते नळीशी इतके एकजीव झाले होते की पाना लावला की अख्खी नळीच फिरायची. दुसरा कुणी दोन घणांत दांडाच वाकडा करून ठेवता. गोपीनाथरावांनी सकाळ-संध्याकाळ तेल पाजलं, आजाऱ्याला चमच्यानं पेज पाजावी तसं. हलकेच ठोकलं, पुन्हा तेल. आणि ठोकता ठोकता समजूत घालणं चालू.

"इतकी वर्षं धरून ठेवलंस, आता तरी सोड!"

गॅलरीत रजनीवहिनींच्या हातातलं वाळवण खाली पडलं. संध्याकाळपर्यंत अस्थींना वाचाही फुटली होती.

काही बोल्टांनी ऐकलं. हट्टी होते ते त्यांनी हॅक्सॉच्या नुसत्या पात्यानं बुशच्या दोन्ही अंगांनी कापून काढले, नालीत उताणं पडून, डोळ्यांत लोखंडाचा भुगा घेत. मग साबणाचं पाणी लावून नवे बुश दाबून बसवले, नव्या बोल्टांना ग्रीस चोपडलं, आणि चाकं हवेत लोंबकळत असतानाच सगळे नट जीव खाऊन आवळले. खडाम् बंद झाला. कळशी शेजारी बसवून, छाती काढून फेरी मारायला गेले.

परतले ते तोंड पाडून. शेजारची सीट ओलीचिंब होती. गाडी आवाज करत नव्हती, पण अवघडून चालत होती. उज्जैनचा कार्यक्रम परवावर आला होता.

"राहू दे आता," मनोरमाबाईंनी ताट वाढलं. "दादा समजून घेईल."

गोपीनाथराव पाटावर बसले आणि कळवळले. पायजम्याची नाडी काचली. मघाशी उभ्यानं, पोट आत ओढून बांधली होती. त्यांनी ती सैल केली, बसल्या बसल्या पुन्हा बांधली, घास उचलला आणि तसाच हातात धरून ओरडले, "अगं, मी गाढव आहे!"

"एवढं ओरडायला काय झालं? मला माहीत आहे."

"नाडी! उभ्यानं बांधली! गाडीची!"

लोंबकळत्या चाकांवर आवळलेलं रबर गाडी खाली टेकली की पीळ पडून ताठच राहणार, हे त्यांनी कारखान्यात नव्या पोरांना ओरडून सांगितलं असतं. घाईत स्वतःच विसरले. जेवण टाकून ते नालीत उतरले. गाडी चारी चाकांवर, बसणाऱ्यांच्या वजनासकट, मगच नट आवळायचे. पण वजन कुठून आणायचं?

"रजनीवहिनी! या खाली, बसा गाडीत!"

"मी?" गॅलरीतून आवाज आला. "त्या... तिच्या शेजारी?"

"मनोरमाच्या शेजारी. माझ्या जागेवर."

"इश्श, भाऊजी, तुमच्याएवढं वजन आहे का माझं?"

"थोडं जास्त आहे, पण चालून जाईल."

इतकं ऐकूनही त्या आल्या, कारण गाडीच्या आत बघायची अशी संधी पुन्हा यायची नव्हती. मनोरमाबाई हळूच बसल्या. "बसतेय फक्त. जाणार असं म्हटलेलं नाही," त्यांनी बजावलं. खालून गोपीनाथराव एकेक नट सैल करून पुन्हा आवळत होते. रजनीवहिनी पायाशी, मागच्या सीटवर, सगळीकडे डोळे फिरवत होत्या. शेवटी राहवेना. "मनोरमाताई, ती... कळशी कुठे असते हो?"

"ओट्यावर. का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपीनाथराव कळशी घेऊन फेरी मारून आले. सीट कोरडी होती. त्यांनी कळशीचा बेल्ट सोडला, तिला खाली उतरवलं आणि दार उघडं धरून उभे राहिले. मनोरमाबाईंनी कोरड्या सीटवरून एकदा हात फिरवला आणि निरांजनाचं ताट मांडीवर घेऊन बसल्या.

उज्जैनला त्या स्वतःच्या पायांनी उतरल्या. दत्तूदादांना ओवाळताना वाकल्याही. गोपीनाथराव तेव्हा तिथे नव्हते, बाहेर गाडीखाली डोकावून एकेका बुशला "कसा आहे?" विचारत होते.

कळशीत नळाचं पाणी होतं. दणके बायकोच्या कमरेला बसण्याआधी पाण्याला किती बसतात, ते गोपीनाथराव बघत होते. पहिली बायको कधी नव्हतीच.