आधी चुंबक, मग नमस्कार

श्रीरामपुरात नेवासा रस्त्याला, उसाच्या ट्रॉल्या वळण घेतात तिथं पत्र्याची एक शेड आहे. शेडला पाटी नाही. पाटी लावली की लोक माणूस न बघता पाटीवर विश्वास ठेवतात, असं मालकाचं म्हणणं. मालक म्हणजे शांतवन अमोलिक, गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारे. सगळा गाव त्यांना शांतवनमामा म्हणतो.

मामांच्या उजव्या खिशात जुन्या स्पीकरमधून काढलेलं एक चुंबक असतं, फडक्यात गुंडाळलेलं. गाडी शेडमध्ये शिरली की मामा गाडीवाल्याकडं बघतसुद्धा नाहीत. आधी चुंबक काढतात आणि दारावरून, चाकावरच्या पत्र्यावरून फिरवत नेतात. चिकटलं तर खाली पत्रा. गळून पडलं तर खड्डा बुजवलेली पुट्टी, म्हणजे गाडी ठोकलेली.

"कितीदा ठोकली?"

"एकदापण नाही, मामा! देवाशपथ!"

"देवाला मधी घालू नगं. हितं चुंबक काय म्हनतंय ते बघ."

संशय हा मामांचा धंदाही होता आणि स्वभावही. थिनरचा डबा उघडला की आधी वास, मग दोन बोटांत चोळून बघायचं. हार्डनरच्या बाटलीचं सील नखानं तपासायचं. दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवायचं. चर्चचे पाळकसाहेब घरी आले आणि नुसत्या चहावर परत गेले, तरी मामा दिवसभर विचार करणार, "का आले असतील?"

हे असं पूर्वीपासून होतंच, पण जेनिफरच्या लग्नानंतर फार वाढलं.

जेनिफर थोरली. तिला बघायला आलेला मुलगा चकाचक चंदेरी गाडीतून आला होता. अंगणात गाडी थांबली तसा मामांचा हात खिशाकडं गेला. बायको, हन्ना, दातांवर दात धरून म्हणाली, "पाहुण्यांच्या गाडीला चुंबक लावताय? लाज वाटू द्या." मामांनी हात मागं घेतला. पुढं कळलं, गाडी मित्राची, फ्लॅट चुलत्याचा, आणि नोकरी कधीच सुटलेली. जेनिफर परत आली. आता घरातच शिवणक्लास चालवते. हन्ना त्यानंतर फार जगली नाही.

आणि आता धाकटी, ग्लोरिया. ती बाजारातल्या रंगाच्या दुकानात काम करते, गाडीचा नंबर बघून कॉम्प्युटरवर रंगाची छटा जुळवून देते. त्या दुकानात एक दिवस राहुरीचा केविन पारधे आला. दवाखान्यात लॅबमध्ये कामाला असलेला, सडसडीत पोरगा. त्यानं विचारलं, "मारुती आठशेला लावायला सगळ्यात स्वस्त प्रायमर कुठला?" ग्लोरिया म्हणाली, "ते माझ्या पप्पांना विचारा."

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण त्यानंतर केविनला दुकानात वरचेवर काहीबाही लागायला लागलं. आज पॉलिश पेपर, उद्या मास्किंग टेप. आणि एका रविवारी जेवताना ग्लोरियानं सांगून टाकलं, "पप्पा, मला तो पसंत आहे. तुम्ही बघून घ्या."

"बघतो की," मामा म्हणाले. "नीट बघतो."

केविन गाडी घेऊन शेडमध्ये आला. त्याच्या वडिलांची मारुती, ते गेल्यापासून आवारात उभी. पांढरा रंग पिवळा पडलेला, दारांच्या खालच्या कडांना गंज, टपावर सोललेले पोपडे.

"नमस्कार, मामा."

सगळा गाव म्हणतो ते ठीक, पण हा कुठल्या नात्यानं मामा म्हणतोय, असा विचार करत मामांनी चुंबक फिरवलं. सगळीकडं चिकटलं. त्यांना जरा वाईटच वाटलं. मग थिनरचा बोळा घेऊन त्यांनी दाराच्या आतल्या कोपऱ्यात घासला. बोळ्याला रंग आला नाही.

"कंपनीचाच रंग हाय," ते नाइलाजानं म्हणाले. "काय करायचंय?"

"माझं बजेट लहान आहे. पण स्वतः घासायची तयारी आहे. तुम्ही सांगाल तसं."

मामांनी फळीवरचे, रंगाखाली द्यायच्या प्रायमरचे तीन डबे त्याच्या पुढ्यात मांडले. "हे रेड ऑक्साइड. गेटाला, खिडकीच्या गजाला मारत्यात. सगळ्यात स्वस्त. ही एनसीची राखाडी. झटकन वाळती, कागदानं सुरेख घासली जाती, पन थिनर लागला की इरघळती. आन हे इपॉक्सी, हार्डनर मिसळून मारायचं. पत्र्याला धरून बसतं, पन महाग. उचल कुठला उचलायचा तो."

मामांच्या मनात हिशेब पक्का होता. गेटाचा डबा उचलला तर चिंगूस. सगळीकडं महागाचा उचलला तर उधळ्या, नाहीतर सासऱ्याला दाखवायला नाटक करणारा.

केविननं थोडा वेळ गाडीभोवती चक्कर मारली. "गंज काढून जिथं पत्रा उघडा पडेल तिथं इपॉक्सी. तेवढ्यापुरताच. बाकी जुना रंग धरून आहे, त्याला कागद मारून वरून राखाडी. आणि रंग साधा पांढरा, वरून चकाकीसाठी लॅकरचा थर लागणार नाही असा."

उत्तर अचूक होतं. मामांनी डोळे बारीक केले.

"हे तुला कुनी शिकवलं?"

केविननं टपावरचा एक पोपडा नखानं सोलला.

"कुनी?"

"ग्लोरियानं."

"वाटलंच मला! पेपर फोडलाय!"

"पण मी लपवलं नाही ना, मामा. तुम्ही विचारलं, मी सांगितलं."

हे उत्तरही मामांना आवडलं नाही. फार गुळगुळीत होतं.

काम मात्र सुरू झालं. केविन सुट्टीच्या दिवशी यायचा, तारेच्या ब्रशनं गंज खरवडायचा, कपाळाचा घाम दंडानं पुसायचा. मामा स्टुलावर बसून बघायचे. पोरगा फोनवर किती बोलतो, कुणाशी बोलतो, चहावाल्याला "अरे" म्हणतो की "अहो" म्हणतो, सगळं. इपॉक्सी वाळलं, पुट्टी भरली, राखाडी बसली. मग मामा त्यांच्या खास कामाला लागले.

काळा रंग पातळ करून त्यांनी फवारा मारायच्या गनमध्ये भरला आणि लांबून, धुरळा उडवल्यासारखा, साऱ्या गाडीवर मारला. राखाडी गाडीवर माश्या बसल्यासारखे काळे ठिपके उठले.

"हे काय?" केविननं विचारलं.

"पहारा. आता पान्याचा कागद भिजवून घास. जिथं सपाट हाय तिथलं काळं निघून जातं. जिथं खड्डा हाय तिथं काळं तसंच बसून ऱ्हातं. डोळ्याला न दिसनारा खड्डापन हा पहारेकरी धरून देतो. मी बेलापूरला मयतीच्या प्रार्थनेला जाऊन येतो. आलो की बघीन."

ते निघाले तेव्हा ग्लोरिया जेवणाचा डबा घेऊन शेडकडं येताना दिसली. मामांनी ते मनात टिपून ठेवलं.

दुपार कलल्यावर ते परतले. गाडी राखाडी, स्वच्छ. एकही काळा ठिपका नाही. केविन बाजूला उभा, ग्लोरिया डबा आवरत होती. डबा तिनं दोनदा आवरला.

मामा खूश व्हायचे सोडून जागच्या जागी थांबले. पहिल्याच घासणीत इतकं साफ? त्यांचं स्वतःचं कधी निघालं नव्हतं.

ते खाली वाकले. गाडीच्या पुढच्या भागाखाली फरशीवर राखाडी चिखल ओघळून वाळलेला. ड्रायव्हरमागच्या दाराखाली फरशी कोरडी ठक्क. त्यांनी डोळे मिटून दारावर तळहात फिरवला. मधोमध हात किंचित आत गेला. खड्डा होता. त्यावरचं काळं मात्र गायब होतं. कोपऱ्यात पडलेलं फडकं त्यांनी उचललं आणि नाकाला लावलं.

"हे दार घासलेलं न्हाई. पुसलंय. कुनी पुसलं?"

"मी, मामा," केविन लगेच म्हणाला.

"कशानं?"

केविनची नजर भिरभिरली आणि फळीवरच्या डब्यावर थांबली. "थिनरनं."

"असं? एनसीवर थिनर फिरवला असतास तर काळ्याबरुबर राखाडीपन फडक्याला आली असती. दाराचा चिखल झाला असता. हे पेट्रोलनं पुसलंय. राखाडीला धक्का न लावता वरचं ताजं काळं तेवढं उचललंय. हे करायला रंगातलं कळावं लागतं." मामा वळले. "आन तुला काय कळतं त्यातलं? ग्लोरिया, तू बोल."

डब्याचं झाकण ग्लोरियाच्या हातातून निसटलं आणि फरशीवर घरंगळत गेलं.

"त्याची बोटं सोलली होती, पप्पा. तेवढं एकच दार घासायचं राहिलं होतं. तो म्हणत होता, राहू दे, मामांना दाखवू. तो चहा आणायला गेला आणि मी ते पुसलं. तुम्ही त्याच्यावर टपूनच बसलाय. एक दार राहिलेलं दिसलं असतं की लगेच म्हणाला असता, बघ, म्हटलं नव्हतं?"

"आन हा म्हनतो मी पुसलं! म्हंजे एकीनं लपवलं आन दुसऱ्यानं त्याच्यावर खोटं चढवलं. खोट्या रंगाचे दोन हात मारलेत तुमी, दोघांनी मिळून!"

मामा शेडला कुलूप न लावताच घराकडं निघाले. असं कधी झालं नव्हतं.

घरी जेनिफरनं सगळं ऐकून घेतलं. ताटात भाकरी वाढली.

"पप्पा, माझ्यावाल्यानं गाडी उसनी आणली होती. कुणासाठी खोटं बोलला तो?"

"सोतासाठी. आनखी कुनासाठी?"

"हं." तिनं भाजी वाढली. "आणि ह्यानं?"

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो तसाच हातात राहिला. "खोटं ते खोटंच, जेनी."

"मी कुठं खरं म्हणतेय? परत पहारा बसवा. तुम्हाला दुसरं येतंय काय?"

ते तिच्याकडं रागानं बघत राहिले. मग तुकडा खाल्ला.

पुढच्या सुट्टीला मामांनी दोघांनाही शेडमध्ये बोलावलं. गाडीवर पुन्हा काळा धुरळा मारलेला होता. त्यांनी दोघांच्या हातात कागद दिले, मध्ये पाण्याची बादली ठेवली आणि पेट्रोलची बाटली स्वतःच्या मांडीवर घेऊन स्टुलावर बसले.

"चला. मी हितंच हाय."

दोघं घासत राहिले. बाहेर ट्रॉल्या खडखडत जात होत्या. हळूहळू काळं निघत गेलं. शेवटी मागच्या दाराच्या मधोमध बोराएवढा एक डाग राहिला. ग्लोरियानं केविनकडं बघितलं. केविननं कागद खाली ठेवला.

"मामा, इथं आहे. राहिलंय."

"कुठं?" जणू त्यांना ठाऊकच नव्हतं.

"इथं. माझ्याच्यानं निघत नाही."

"घासून निघनार न्हाई ते. खोल हाय." मामा उठले, पुट्टीचा डबा काढला आणि पातं केविनच्या हातात दिलं. "भर. थोडी जास्त भर, वाळल्यावर बसती." मग थोड्या वेळानं, भिंतीकडं बघत, "पाळकसाहेबांना सांगून ठेव, पुकार घ्यायची म्हनून."

ग्लोरिया रडायला लागली. "पुट्टीवर टिपं पाडू नगं, वली व्हईल," मामा खेकसले.

लग्नाची पुकार आमच्याकडं, ख्रिस्ती मंडळीत, तीन रविवार होते. पाळक वधूवरांची नावं वाचतात आणि मंडळीला विचारतात की कुणाची हरकत आहे का. जेनिफरच्या वेळी मामा तिन्ही रविवार बाकावर चुळबुळत बसून राहिले होते, हे अख्ख्या मंडळीला ठाऊक. त्यामुळं ग्लोरियाच्या तिसऱ्या पुकारेला "कुणास हरकत असल्यास..." हे शब्द निघताच पाळकांसकट सगळ्यांच्या माना मामांच्या बाकाकडं वळल्या.

आणि मामा उभे राहिले.

ग्लोरियानं पुढचा बाक घट्ट धरला. केविनचा चेहरा राखाडीच्या डब्यासारखा झाला. कुणाचंतरी बाळसुद्धा रडायचं थांबलं.

"हरकत न्हाई, पाळकसाहेब," मामा म्हणाले. "पन सगळ्यांना सांगून ठेवतो. वरातीच्या गाडीला फुलं चिकटपट्टीनं लावायची न्हाईत. दोऱ्यानं बांधा. रंग अजून कच्चा हाय."

देवळात हशा पिकला. मामा खाली बसले. शेजारी बसलेली जेनिफर कानाशी लागली, "पप्पा, चुंबक आणलंय?"

"छ्या! देवळात कशाला? शेडमधी ऱ्हायलं."

जेनिफरचा विश्वास बसला नाही. तिनं हळूच हात नेऊन त्यांचा उजवा खिसा चाचपला.

होतं.